विश्लेषण : होड्या झाकल्या, पण जुनी जाळी जातात कुठे? सिंधुदुर्गात पुनर्वापराचे घोडे गोदामापाशी का अडते?

मे महिना संपत आला की मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांच्या किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. छोट्या होड्या वाळूवर वर ओढल्या जातात, इंजिने उतरवली जातात, जाळ्यांचे ढीग घराकडे नेले जातात. तारकर्ली, देवबाग, मालवण येथील जलक्रीडाही थांबतात. पुढचे दोन ते तीन महिने हे सारे सामान कुठे तरी कोरड्यात ठेवावे लागते. याच आवराआवरीत फाटकी जाळी, कुजके दोर, थर्माकोलच्या तुटक्या पेट्या आणि विटलेल्या ताडपत्र्या बाजूला पडतात. ठेवायच्या सामानाची काळजी सगळे घेतात. टाकायच्या सामानाचे काय, हा प्रश्न मात्र पावसावर सोडला जातो. शहरांत वाढत असलेल्या ‘सेल्फ स्टोरेज’ व्यवसायाकडून याबाबत किनाऱ्याला काही घेता येईल का, याविषयी...

किनाऱ्यावरील हंगाम थांबतो कधी?

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत आहे. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र ही त्यामागची दोन कारणे. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसते. तरीही पावसाळी समुद्रामुळे त्यांतील बहुतेक किनाऱ्यावरच असतात. जलक्रीडा व्यवसाय साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतो.

सिंधुदुर्गला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा लाभला आहे. १९९७ मध्ये हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात मासेमारीच्या सामानात पर्यटनाच्या सामानाची भर पडली. स्कुबाच्या टाक्या, रबरी पोशाख, जीवरक्षक जाकिटे, फुगवायच्या बोटी, पॅराशूट हे सगळे दमट हवेत खराब होणारे आणि महाग सामान आहे. म्हणजे साठवणुकीची गरज दुप्पट झाली, जागा मात्र होती तेवढीच राहिली.

पूर्वी हे सामान ठेवत कुठे?

कोकणात साठवणुकीची स्वतःची पद्धत होती. घराला माळा असे, वाडीत मांगर असे. गुरे, शेतीची अवजारे, लाकडे आणि जाळी यांची सोय त्यातच लागे. किनाऱ्यावर होड्यांसाठी माडाच्या चुडतांची झापे विणून खोप उभारली जाई. पावसाळा संपला की जुनी झापे चुलीत किंवा माडाच्या आळ्यात जात. झाकणाचे साहित्य वाडीतूनच येई आणि वाडीतच संपे.

जाळ्यांचेही तसेच होते. नायलॉन येण्यापूर्वी जाळी कापसाच्या आणि तागाच्या धाग्याची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. काम जिकिरीचे होते, पण असे जाळे समुद्रात हरवले तर कालांतराने कुजून जाई. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आणि प्लास्टिकच्या धाग्याची जाळी आली. ती हलकी, मजबूत आणि न कुजणारी. मच्छीमाराचे कष्ट कमी झाले, त्याचबरोबर टाकाऊ जाळ्याचा प्रश्नही जन्माला आला. झापांची जागा निळ्या प्लास्टिकने घेतली आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या चिंध्या वाऱ्याने किनाऱ्यावर पसरू लागल्या.

याचा सेल्फ स्टोरेजशी संबंध काय?

सेल्फ स्टोरेज म्हणजे मोठ्या गोदामाचे छोटे कप्पे करून ते महिन्याच्या भाड्याने देणे. कुलूप ग्राहकाचे, जागा आणि राखण मालकाची. अमेरिकेत अशी ५० हजारांहून अधिक केंद्रे आहेत. मुंबई-पुण्यातही घरे लहान आणि बदल्या वारंवार, त्यामुळे हा व्यवसाय रुजू लागला आहे. सिंधुदुर्गात चाकरमान्यांची बंद घरेच नातेवाइकांची गोदामे झालेली असल्याने घरगुती सामानासाठी अशा जागेला फार मागणी असण्याची शक्यता कमी. हंगामी व्यवसायाच्या सामानाची गोष्ट वेगळी आहे. मासेमारी आणि जलक्रीडा या दोन्हींना ठरावीक महिन्यांपुरतीच जागा लागते.

या व्यवसायाचा पर्यावरणाशी संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला सोपा: खोकी परत घेऊन पुन्हा वापरायला देणे, लाकडी फळ्यांचे तळ दुरुस्त करून वापरणे, छतावर सौर पॅनल बसवणे, माणूस आत आला तरच पेटणारे दिवे लावणे. दुसरा अधिक महत्त्वाचा. सामान ठेवताना आणि काढताना माणूस प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघतो. ‘हे ठेवायचे की टाकायचे’ हा निर्णय त्या दारात होतो. टाकाऊ वस्तू वेगळी करण्याची सोय तिथेच असेल तर ती रस्त्यावर जात नाही. सोय नसेल तर कप्पा अडगळीने भरतो आणि भाडे थकले की ती अडगळ मालकाच्या गळ्यात पडते. किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या मोडक्या फायबर होड्या हे त्याचेच उघड्यावरचे रूप आहे.

टाकाऊ जाळे समुद्रात गेले तर काय होते?

हरवलेले किंवा टाकून दिलेले जाळे मासे पकडायचे थांबत नाही. मासे, खेकडे, कासवे त्यात अडकून मरतात आणि ते खायला आलेले इतर जीवही अडकतात. अशा जाळ्यांना ‘भुताळी जाळी’ म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि पर्यावरणविषयक संस्थांच्या २००९ मधील अहवालात समुद्रातील कचऱ्यापैकी सुमारे १० टक्के वाटा टाकलेल्या वा हरवलेल्या मासेमारी साहित्याचा असल्याचा अंदाज होता. समुद्रात जाळी आणि प्लास्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय ‘मार्पोल’ कराराच्या पाचव्या परिशिष्टाने मनाई आहे.

मालवणसाठी ही बाब अधिक नाजूक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. खडकात किंवा प्रवाळात अडकलेले जाळे लाटांबरोबर घासत राहते आणि प्रवाळ मोडते. हेच प्रवाळ पाहायला पर्यटक पाण्यात उतरतात. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यांनाही जाळ्यांचा धोका असतो. म्हणजे जाळ्याचा एक तुकडा मासळी आणि पर्यटन अशा दोन्ही रोजगारांवर घाला घालतो.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. जाळे कापण्याचे मोल सरकारने मान्य केले, ही मोठी गोष्ट. पण कापलेले ते जाळे पुढे कुठे जाते, याची साखळी अजून पुरी झालेली नाही.

जुन्या जाळ्याला किंमत नसते का?

असते, पण अर्धीच. मच्छीमार जुन्या जाळ्यातील शिशाच्या गोळ्या, बोया आणि चांगले दोर सोडवून घेतो. शिशाला भंगारात भाव मिळतो, बोया नव्या जाळ्याला लागतात. मागे उरते ते नुसते मळलेले, वाळू-शिंपल्यांनी भरलेले जाळे. त्याला जागच्या जागी भाव नसतो.

काही जाळी परसात जातात. भाजीच्या मांडवाला, कोंबड्यांच्या कुंपणाला, माकडांपासून बागेच्या बचावाला ती वापरली जातात. हा पुनर्वापर चांगला वाटला तरी जमिनीलगत लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात साप आणि पक्षी अडकतात. जाळे जमिनीपासून उंच आणि ताणून बांधले तर हा धोका कमी होतो.

सगळी जाळी एकत्र गोळा केली तर?

इथेच बहुतेक मोहिमा फसतात. किनारा स्वच्छतेच्या एका सकाळी ढीग जमतो, छायाचित्रे निघतात. त्या ढिगात मात्र एकमेकांशी न जुळणारे प्लास्टिक असते.

नायलॉनचे जाळे : कल्ल्यात मासा अडकवणारी पातळ जाळी बहुधा नायलॉनची असतात. ‘नायलॉन ६’ प्रकारचा धागा रासायनिक प्रक्रियेने पुन्हा मूळ घटकात आणता येतो आणि त्यापासून नवा धागा बनतो. इटलीची ‘अक्वाफिल’ कंपनी स्लोव्हेनियातील कारखान्यात २०११ पासून हे करते आहे. त्यासाठी जाळे धुतलेले आणि इतर प्लास्टिकपासून वेगळे हवे.

ट्रॉलचे जाळे आणि जाड दोर : यांत बहुधा एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन असते. ते वितळवून त्याचे दाणे करता येतात. दाण्यांपासून पाइप, टब, दोर बनतात.

थर्माकोलच्या पेट्या : थर्माकोलमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक हवाच असते. दाबून ठोकळे केल्याशिवाय त्याची वाहतूक म्हणजे ट्रकभर हवेचे भाडे.

फायबरच्या होड्या : यांतील राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. दुरुस्ती करून आयुष्य वाढवणे हाच पहिला उपाय. शेवटी तोडून सिमेंट भट्टीत वापरणे हा एक मार्ग उरतो.

‘सगळे प्लास्टिक रस्त्यात घाला’ हा उपाय वारंवार सुचवला जातो. पण डांबरी मिश्रणाचे तापमान साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस असते आणि नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळते. पिशव्यांचे प्लास्टिक तिथे चालते, नायलॉनचे जाळे चालत नाही. त्यामुळे जाळे वेगळे ठेवणे ही हौस नसून तांत्रिक गरज आहे.

मग अडते कुठे?

अडते साठवणुकीपाशी. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरचा ढीग भिजतो, त्यात माती आणि शेवाळ धरते, उंदीर घर करतात, ऊन लागलेले नायलॉन ठिसूळ होते. ओल्या, मळलेल्या मालाला खरेदीदार वजन आणि भाव दोन्ही कापून देतो.

दुसरी अडचण अंतराची. मोठे पुनर्प्रक्रिया उद्योग जवळ नाहीत. माल फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे किंवा महामार्गाने गोवा-मुंबईकडे न्यावा लागतो. अर्धा रिकामा ट्रक घाट चढवला तर भाड्यातच नफा संपतो.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. एका होडीकडून वर्षाला १०० किलो टाकाऊ जाळे निघते असे धरले, तर १० टनांचा एक ट्रक भरायला १०० होड्यांचे जाळे लागेल. ते एका दिवशी येणार नाही. ते महिनोन्‌महिने कोरडे, वेगळे आणि दाबून ठेवणारी जागा हवी. थर्माकोलचे गणित आणखी बोलके आहे. घनमीटरला २० किलो वजन धरले, तर ३० घनमीटरच्या ट्रकात जेमतेम ६०० किलो माल मावतो. तोच दाबून ठोकळे केले तर ट्रक रिकामा जात नाही.

थोडक्यात, गोळा करणारे हात आहेत, विकत घेणारे कारखानेही आहेत. त्यांच्यामध्ये कोरडी खोली नाही.

वेंगुर्ल्याने काय दाखवून दिले?

याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ले नगर परिषदेने २०१५-१६ च्या सुमारास, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा डेपोचे रूपांतर ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळा’त केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, पालापाचोळ्यापासून जळणाच्या विटा, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्यासाठी वापर अशी कामे तिथे सुरू झाली. सुमारे १२ हजार वस्तीच्या या लहान शहराचे काम पाहायला इतर नगर परिषदांचे लोक येऊ लागले.

यंत्रांचे कौतुक झाले. त्यामागची शिस्त मात्र साधी होती. कचरा घरातच वेगळा करायचा आणि केंद्रावर तो पुन्हा अनेक प्रकारांत वेगवेगळा साठवायचा. काच काचेत, कापड कापडात, चप्पल चपलांत. विकण्याजोगे प्रमाण जमेपर्यंत माल कोरडा राहिला म्हणून त्याला ग्राहक मिळाला. हीच शिस्त जाळ्यांना लावता येईल.

इतर राज्यांत काय घडले?

केरळने २०१७ मध्ये कोल्लम जिल्ह्यातील नींदकरा-शक्तिकुलंगरा बंदरात ‘शुचित्व सागरम्’ उपक्रम सुरू केला. जाळ्यात मासळीबरोबर आलेले प्लास्टिक समुद्रात परत न टाकता पिशवीत भरून बंदरात आणायचे, असे मच्छीमारांना सांगण्यात आले. बंदरात महिलांनी ते धुऊन, वेगळे करून, यंत्रात बारीक केले आणि रस्त्यासाठी दिले. यातली कळीची बाब म्हणजे केंद्र बंदरातच होते. होडी जिथे लागते तिथेच पिशवी घेतली गेली.

गोव्यात साळगाव येथे २०१६ मध्ये कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. पुनर्वापर न होणाऱ्या सुक्या कचऱ्याचे दाबून गठ्ठे करायचे, ते साठवायचे आणि कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे भट्टीसाठी पाठवायचे, ही पद्धत तिथे रुळली. सिंधुदुर्गातून गोव्याची हद्द दूर नाही. निरुपयोगी मालासाठी अशी वाट शोधता येऊ शकते.

गोदाम उभारले तर ते कसे असावे?

मालवणसारख्या ठिकाणी एकाच छपराखाली दोन भाग करता येतील. पहिल्या भागात भाड्याचे कप्पे: जाळी, इंजिने, स्कुबाचे सामान, जाकिटे यांसाठी. दुसऱ्या भागात जुन्या जाळ्यांची आणि दोरांची आवक, वजनकाटा, धुण्याचा ओटा, गठ्ठे बांधण्याचे यंत्र. कप्प्यांचे भाडे दुसऱ्या भागाचा खर्च उचलू शकते. जुने जाळे आणून देणाऱ्याला भाड्यात सूट देता येईल.

जागा निवडताना किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाळावे लागतील. २०१९ च्या अधिसूचनेत जाळी दुरुस्तीची जागा, मासे सुकवण्याचे ओटे अशा मच्छीमारांच्या सोयींना वाव आहे. व्यापारी गोदामाला तो आपोआप मिळत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर फक्त आवक केंद्र आणि मोठे गोदाम आत, उदाहरणार्थ कुडाळच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, अशी विभागणी सोयीची ठरेल.

आगीची काळजी सर्वांत मोठी. नायलॉन, फायबर, थर्माकोल आणि इंजिनातील इंधन एकत्र ठेवणे धोक्याचे आहे. इंजिनाची टाकी रिकामी केल्याशिवाय आत न घेणे, जाळ्यांचे गठ्ठे भिंतीपासून दूर रचणे, कप्प्यांमध्ये न जळणारी भिंत घालणे हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा लवकर गंजतो, म्हणून उतरते कौलारू किंवा गंजरोधक छप्पर आणि जमिनीपासून वर उचललेले तळ लागतील. जाळे ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवले तर त्याचे आयुष्य वाढते. टाकाऊ कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वादळांचा विचारही यात येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग किनाऱ्याला तडाखा दिला, तेव्हा बंदी सुरू व्हायला दोन आठवडे बाकी होते. होड्या पाण्यात आणि सामान किनाऱ्यावर होते. वर्षभर खुले असलेले गोदाम अशा वेळी सामान वाचवू शकते. त्याचबरोबर तुटून समुद्रात जाणारे जाळेही रोखू शकते.

खर्च कोणी करायचा?

हा खरा वादाचा मुद्दा आहे. भारतात प्लास्टिक उत्पादकांची जबाबदारी ठरवणारे २०२२ चे नियम मुख्यतः वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी आहेत. मासेमारीच्या जाळ्यांवर तशी जबाबदारी नाही. युरोपीय महासंघाने २०१९ च्या निर्देशात प्लास्टिक असलेल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांना गोळा करण्याचा आणि प्रक्रियेचा खर्च उचलायला सांगितले आणि त्यासाठी २०२४ अखेरची मुदत दिली. आपल्याकडे असा नियम येईपर्यंत भार मच्छीमारावर टाकला तर जुने जाळे गोदामात न येता खाडीतच जाईल.

लहान मच्छीमाराची बाजूही समजून घ्यायला हवी. पर्ससीनच्या मोठ्या नौकांशी रापण आणि छोट्या होड्यांची स्पर्धा मालवणात जुनी आहे. या मासेमारीवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. बंदीच्या काळात उत्पन्न नसताना कप्प्याचे भाडे भरणे लहान होडीवाल्याला जड जाईल. रापणीची परंपरा इथे उपयोगी पडू शकते. रापणीचे जाळे अनेक कुटुंबांच्या भागीदारीचे असते आणि मासळीची वाटणीही तशीच होते. मच्छीमार सहकारी संस्थेने सामायिक कप्पा घेतला तर भाडे वाटले जाईल. जलक्रीडा व्यावसायिक आणि मोठ्या नौकांचे मालक यांना मात्र पूर्ण दर लावणे न्याय्य ठरेल. प्रक्रियेचे काम, म्हणजे धुणे, शिसे-बोया सोडवणे, धागा ओळखून वेगळा करणे, गावातील महिला बचत गटांना देता येण्याजोगे आहे. जाळे विणण्या-सांधण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना धागा हातात घेताच तो कोणता हे कळते.

पुढे काय?

पहिला टप्पा खर्चिक नाही. एका बंदरात, एका हंगामासाठी, एक कोरडी खोली आणि एक वजनकाटा. नायलॉन, एचडीपीई, दोर आणि थर्माकोल यांसाठी चार वेगळ्या जागा. कोणत्या प्रकारचे किती जाळे येते याची नोंद. ही नोंद हाती आली की खरेदीदाराशी भाव ठरवता येतो, ट्रक कधी भरेल ते कळते आणि मोठ्या गोदामाची गरज किती हेही ठरते. नोंदीशिवाय यंत्रे घेतली तर ती गंजत पडतात.

मत्स्यव्यवसाय विभाग, नगर परिषदा, सहकारी संस्था आणि पर्यटन व्यावसायिक या चौघांचे सामान एकाच किनाऱ्यावर असते, पण प्रत्येकाचे नियोजन वेगळे चालते. हंगाम बंद होण्याच्या आधीचे दोन आठवडे, म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध, हा सगळ्यांना एकत्र आणणारा काळ आहे. त्याच दिवसांत जाळे एक तर माळ्यावर जाते किंवा वाळूवर पडते. १ जूनपूर्वी दार उघडे असलेली कोरडी खोली मिळाली, तर यंदाच्या पावसात किती जाळी समुद्रात गेली नाहीत, हे पुढच्या ऑगस्टमध्ये काट्यावर मोजून सांगता येईल.